चॉकलेटच्या करंज्या तळणीत उकलतात, नेमकं चुकतंय कुठे?

तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं. लेकीच्या वाढदिवसाला तिच्या दहा-बारा मैत्रिणींसाठी चॉकलेटच्या करंज्या करायच्या आहेत. आयुष्यात आधी करंजी केलेली नाही, म्हणून रविवारी एक छोटा घाणा करून पाहिलात. मैदा-रव्याची नेहमीची पारी आणि आत दुधाच्या चॉकलेटच्या वडीचे दोन-दोन चौकोन. आठपैकी पाच उकलल्या, तेल काळं झालं. उरलेल्या तीन आतून पोकळ निघाल्या, चॉकलेट एका कोपऱ्यात जाऊन बसलेलं. दुसऱ्या दिवशी त्याही मऊ. आणि तुमचा प्रश्न आहे की कड चिकटवायला काय लावायचं, पाणी, दूध की मैद्याची पेस्ट?

दूध लावा. पण तुमच्या पाच करंज्या कडेमुळे उकलल्या असं मला वाटत नाही. कड चांगली असती तर पाचाऐवजी तीन उकलल्या असत्या, एवढाच फरक पडला असता.

मी डोंबिवलीत अठरा वर्षं फराळाच्या ऑर्डरी घेते आणि चॉकलेटची करंजी माझ्या यादीत पहिली पाच-सहा वर्षं नव्हतीच. कारण माझीही सुरुवात तुमच्यासारखीच झाली होती, फक्त जास्त महागात. ओळखीच्या एका बाईंना मुंजीसाठी पन्नास नग हवे होते. मी हौसेने चॉकलेटमध्ये क्रीम घालून गनाश केलं, फ्रीजमध्ये घट्ट केलं, सुबक गोळे भरले. पहिल्या घाण्यात चार सोडल्या. दीड मिनिट सगळं छान चाललं होतं, आणि मग एक फट्‌ करून फुटली. तेल मनगटावर आलं, डाग अजून आहे. त्या दिवशी त्या बाईंना मी पन्नास साध्या खोबऱ्याच्या करंज्या दिल्या.

नंतर डोक्यात प्रकाश पडला तो असा. चॉकलेट आत भरून तळायचे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही चालतात. पहिला, पातळ आवरण, आत फ्रीझरमधून काढलेलं दगडासारखं सारण आणि कडक तेलात मिनिट-सव्वा मिनिट. समोशाच्या तयार पट्टीत चॉकलेटचा तुकडा गुंडाळून तळतात ते याच हिशोबाने. पट्टी कागदासारखी पातळ, ती कुरकुरीत होते तोवर आतलं चॉकलेट जेमतेम मऊ पडतं आणि आपण बाहेर काढतो. दुसरा रस्ता करंजीचा. जाड पारी, कोरडं सारण, मंद आच, पाच-सहा मिनिटं. तुम्ही पारी करंजीची घेतलीत आणि सारण समोसा-पट्टीचं. करंजीच्या पारीला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात चॉकलेटच्या वडीचं पार पाणी होतं. ज्या व्हिडिओत तुम्ही हे पाहिलंत त्यात बहुधा पट्टी असणार, किंवा फुटलेल्या करंज्या दाखवलेल्या नसणार.

आपली सगळी पारंपरिक सारणं आठवून बघा. सुकं खोबरं, खसखस, भाजलेला रवा, पिठीसाखर. गोव्यातली नेवरी घ्या, गुजरातचा घुघरा घ्या, तळणीत वितळून वाहील असं आत काही नसतं. ओल्या नारळाची करंजीसुद्धा जमते ती सारण आटवून आटवून कोरडं केलं म्हणूनच. कोको बटर मात्र साधारण 34 अंशांना वितळतं, म्हणजे तोंडात टाकलं की लगेच. तेल असतं 150-160 अंशांवर. करंजी तेलात पडल्यावर थोड्याच वेळात आत वडी राहत नाही, पातळ रस राहतो. तो उताराकडे वाहतो, म्हणून तुम्हाला एका कोपऱ्यात गठ्ठा सापडला. त्याने सोडलेल्या जागेत आणि वडीच्या चौकोनी कडांभोवती आधीपासून अडकलेली जी हवा असते, ती तापून फुगते. खोलीतली 30 अंशांची हवा 100 अंशांपर्यंत गेली की सुमारे 23 टक्के फुगते. एवढं चांगली मिटलेली करंजी सहन करते. पण पाणी असेल तर गोष्टच वेगळी. पाण्याची वाफ झाली की ती दीड हजार पटींहून जास्त जागा मागते. माझ्या गनाशने तेच केलं. बाजारात मिळणाऱ्या 25 टक्के स्निग्धांशाच्या क्रीममध्ये उरलेला मोठा भाग पाणीच असतो.

तेव्हा चॉकलेट वितळणार हे गृहीत धरा आणि वितळल्यावर त्याला धरून ठेवणारं काहीतरी आत द्या. माझं सारण आता असं असतं. डेसिकेटेड कोकोनट एक वाटी, कोरडंच दोन-तीन मिनिटं मंद आचेवर परतायचं, रंग बदलू द्यायचा नाही. काजू-बदामाचं जाडसर कूट अर्धी वाटी. कोको पावडर दोन टेबलस्पून. डार्क चॉकलेट 100 ग्रॅम. पिठीसाखर पाव वाटी, पण ती डार्क घेतलं तरच. दुधाचं चॉकलेट वापरणार असाल तर साखर घालू नका, मुलांनाही ते गोडमिट्ट लागतं. चॉकलेट गरम पाण्याच्या पातेल्यावर कोरडं भांडं ठेवून वितळवा, आणि कोरडं म्हणजे अगदी कोरडं. चमच्यावर पाण्याचे दोन थेंब असले तरी चॉकलेट एकदम धरतं, त्याचा रवाळ गोळा होतो. वितळलं की सगळं कोरडं जिन्नस त्यात ढवळा, ताट पसरून गार करा, आणि कणकेसारखं वळण्याजोगं झालं की लांबट मुटकुळ्या करून ठेवा. एक मुटकुळी साधारण 12 ग्रॅम. एवढ्यात वीस होतात.

हे आधी वितळवून घ्यायचं कारण आहे. नुसतं किसलेलं चॉकलेट खोबऱ्यात मिसळलं तरी चालतं, मी सुरुवातीला तसंच करत होते. पण मुटकुळीत मधे पोकळ जागा राहत नाही आणि खोबऱ्याच्या प्रत्येक कणाला चॉकलेट लागलेलं असतं. तळताना ते पुन्हा वितळतं, पण खोबरं-काजू ते धरून ठेवतात. खाताना आत ओलसर, मऊ, चमच्याने काढावं असं लागतं. धार मात्र लागत नाही. तुमच्या लेकीला तोडल्यावर धार लागणारीच हवी असेल तर सरळ समोसा पट्टीच्या वाटेने जा, करंजी हा त्याचा पदार्थ नव्हे.

खोबरं आवडत नसेल तर साध्या गोड बिस्किटांचा चुरा चालतो. कोणी मिल्क पावडर घालतात, चव छान येते, पण सारण जरा जरी बाहेर आलं तर ती क्षणात करपते. मावा घालायचा तर परतून, आणि त्याच दिवशी संपवायचं. चॉकलेट स्प्रेड पहिल्या वेळी नकोच. ते आधीच पातळ असतं, त्यात तेल असतं आणि पारीच्या कडेला लागलं की संपलं.

कोणतं चॉकलेट, हे खिशावर आणि हवेवर आहे. वेष्टनावरची जिन्नसांची यादी वाचा. कोको बटर लिहिलेलं असेल तर ते खरं चॉकलेट, वनस्पती चरबी लिहिली असेल तर कंपाउंड. कंपाउंड स्वस्त असतं, ऑक्टोबरच्या उकाड्यात जरा जास्त तग धरतं, आणि या कामाला चालतं. चवीला मात्र मेणचट, टाळूला चिकटून राहतं. वीस करंज्यांचाच प्रश्न असेल तर मी खरं चॉकलेट घेईन.

आता पारी. दोन वाट्या मैदा, म्हणजे साधारण 250 ग्रॅम, पाव वाटी बारीक रवा, चिमूटभर मीठ. मोहन तुपाचं, कडकडीत. साध्या करंजीला एवढ्या पिठाला मी चार टेबलस्पून घालते, चॉकलेटच्या करंजीला तीनच. मोहन जास्त झालं की पारी खुसखुशीत होते खरी, पण नाजूकही होते, आणि आत वितळलेलं काही असताना नाजूक पारी परवडत नाही. तूप पिठाला चोळून झालं की मूठ वळा. मुटका टिकायला हवा आणि बोटाने दाबला की मोडायला हवा. मग कोमट दूध थोडं थोडं घालत घट्ट भिजवा. अर्ध्या वाटीपेक्षा थोडं जास्त लागेल, पण मैद्या-मैद्यात फरक असतो, तेव्हा मापावर जाऊ नका, हाताला विचारा. पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट हवी. अर्धा तास झाकून ठेवा, रवा फुलू दे, मग बत्त्याने कुटा. बत्ता नसेल तर मिक्सरमध्ये पल्सवर दोन-तीनदा फिरवा. गोळा गुळगुळीत झाला पाहिजे, चिरा पडता कामा नयेत. तिथल्या चिरा पुढे तळणीत दिसतात.

साट्याची, म्हणजे पोळ्यांच्या थरांमध्ये तूप-पिठाचा लेप देऊन केलेली पापुद्र्यांची करंजी दिसायला देखणी असते, पण पहिल्यांदा करू नका. पापुद्रे सुटतात तेव्हा त्यांच्या मधूनच चॉकलेट वाट काढतं. पारीत कोको घालून तपकिरी करंजी करण्याचीही फॅशन आहे. तीही पुढच्या वेळी, कारण तळणीत रंग हीच आपली खूण असते. पारीच काळी असली तर कच्ची कुठली आणि करपली कुठली, कळायचं कसं?

वीस लाट्या करा. एकेक पुरीएवढी लाटा, चार इंच, मधे किंचित जाड आणि कडेला पातळ, कारण कड दुहेरी होणार आहे. मुटकुळी मधोमध नव्हे, अर्ध्या भागात ठेवा. कडेपासून बोटभर जागा मोकळी.

इथे जरा थांबते, कारण पहिल्यांदा करणारे बहुतेक जण इथेच फसतात. सारण हातात धरलं की बोटांना चॉकलेटचा पुसटसा थर लागतो. त्याच बोटाने तुम्ही कड दाबता. चॉकलेट म्हणजे स्निग्धांश, आणि तुपट कडेला दूध चिकटत नाही, मैद्याची पेस्टसुद्धा नाही. कड बाहेरून मिटलेली दिसते, कातणाने सुंदर नक्षी येते, आणि तेलात पडल्यावर बरोबर तिथेच तोंड उघडतं. मी एक हात सारणाचा आणि एक हात पारीचा असं वाटून घेते. डाव्या हाताने मुटकुळी ठेवायची, उजव्या करंगळीने दूध लावायचं. करंगळीच का, तर ती सारणाला कधी लागत नाही. दूधही फक्त अर्ध्या कडेला, ओलं दिसेल इतकंच. जास्त दुधाने कड घसरते.

पारी दुमडली की आधी कड दाबू नका. सारणाच्या बाजूने सुरुवात करून बोट बाहेरच्या दिशेने सरकवत हवा काढा आणि मग कड मिटा. नंतर कातण फिरवा. मुरड घालता येत असेल तर उत्तम, ती कातणापेक्षा पक्की असते, पण सवय नसताना घातलेली मुरड पारी फाडते. साचा चालेल. फक्त साच्यात सारण जास्त भरायचा मोह होतो आणि दाबताना ते कडेत येतं. सारण कमी झालं तर करंजीचा खुळखुळा होतो, ते मला फुटण्यापेक्षा परवडतं. आणि कोणी सांगितलं की हवा जायला टूथपिकने टोचा, तर टोचू नका. तिथूनच चॉकलेट येईल.

भरलेल्या करंज्या घट्ट पिळलेल्या ओलसर फडक्याखाली ठेवा. उन्हाळा असेल आणि मुटकुळ्या मऊ पडत असतील तर पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये, डब्यात झाकून. फ्रीझरमध्ये नको, कारण बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं आणि ते पाणी आत बंद करून आपण तेलात सोडतो. वाफेचं वर सांगितलंच.

तळण. तुमच्याकडे गॅस आहे की इंडक्शन ते तुम्ही लिहिलेलं नाही. इंडक्शनवर आकड्यांच्या भरवशावर राहू नका, दाखवतो ते तापमान आणि कढईतल्या तेलाचं तापमान यात बरंच अंतर असू शकतं. साधी परीक्षा करा. वाटाण्याएवढी कणीक तेलात सोडा. ती तळाला जावी, बारीक बुडबुडे यावेत आणि मनात पाचपर्यंत मोजेतो सावकाश वर यावी. टाकताक्षणी उसळून वर आली तर तेल जास्त तापलं आहे, आच बंद करून थांबा. अजिबात वर येत नसेल तर करंजी तेल पिईल.

एका वेळी तीनच सोडा. पहिलं अर्धं मिनिट हात लावू नका. मग झाऱ्याने वरून तेल उडवत राहा, उलथा, पाच-सहा मिनिटांत फिकट बदामी रंगावर काढा, काढल्यावरही रंग थोडा चढतो. पहिल्यांदा करणाऱ्यांना हा वेळ फार वाटतो, मग चॉकलेट वितळेल या भीतीने आच वाढवतात. ते तर तसंही वितळणारच, पहिल्या मिनिटांतच. आच वाढवून एवढंच होतं की वरून रंग येतो, फोड येतात आणि पारी आतून कच्ची राहते. तुमच्या उरलेल्या तीन दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या त्या मला वाटतं याच कारणाने. कच्च्या पारीत राहिलेला ओलावा रात्रभरात सगळीकडे पसरतो. गरम असतानाच डब्यात भरल्या असतील तर तेही आलंच.

एखादी उकललीच तर घाबरून झारा फिरवत बसू नका. आच बंद करा, ती करंजी काढा, तेल शांत होऊ द्या, बारीक गाळणीने काळे कण उचला. चॉकलेटमधली साखर तळाशी चिकटून करपते आणि पुढच्या प्रत्येक करंजीला कडवट ठिपके देते. फार झालं असेल तर तेल निववून फडक्यातून गाळा, कढई पुसा आणि मग पुन्हा सुरुवात करा. पाण्याचा हात कढईजवळ नको, आणि लेकीला त्या वेळी स्वयंपाकघराबाहेर ठेवा.

पहिल्या घाण्यात एकच करंजी तळा. गार झाली की सुरीने मधोमध कापा. सारण जागेवर आहे का, पारीचा आतला थर पांढुरका, चिकट तर नाही ना, ते बघा. चिकट असेल तर आच अजून कमी आणि वेळ जास्त. उरलेल्या एकोणीस हाताशी असतातच, सुधारायला वाव राहतो. ही सवय मी पन्नास किलोंच्या ऑर्डरीतही सोडलेली नाही.

वाढायच्या आधी निदान वीस मिनिटं थांबा. बाहेरून कोमट लागणाऱ्या करंजीतलं चॉकलेट जीभ भाजतं आणि मुलं फुंकर घालत नाहीत. आदल्या दिवशी करून ठेवल्या तर उत्तम, पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा. या खोबऱ्याच्या सारणाच्या करंज्या माझ्याकडे आठवडाभर छान राहतात, फ्रीजची गरज नसते, फ्रीजमध्ये उलट वातड होतात. दोन-तीन दिवसांनी फोडल्यावर आत चॉकलेटवर राखाडी-पांढरट झाक दिसली तर ती बुरशी असेलच असं नाही. चॉकलेट वितळून पुन्हा गोठलं की कोको बटर असं वर येतं. वास चांगला असेल आणि झाक कापसासारखी लवदार नसेल तर खायला हरकत नाही.

एअर फ्रायरबद्दलही तुम्ही जाता जाता विचारलंय. 180 अंशांना पंधरा मिनिटं, वरून तुपाचा हात, मधे एकदा उलटून. होतात, फुटतही कमी, पण पारी खारी बिस्किटाच्या वळणावर जाते. मुलांना चालेल. तुमच्या सासूबाईंना चालेल का, ते तुम्ही ठरवा.

आणि कातणाने निघालेल्या कडा टाकू नका. गोळा करून, पुन्हा लाटून शंकरपाळ्यांसारख्या कापा, गरम असतानाच पिठीसाखर भुरभुरवा. फक्त त्या करंज्यांच्या आधी तळून घ्या, तेल स्वच्छ असताना. त्यांच्यावरून तेलाचा अंदाजही येतो.